मुकाट घसरलेली संक्रांत

मंडळी, यावेळी विषय जरा आडवळणाचा आहे, पण शेवटी आपल्या घरच्या तिळगुळापर्यंत येऊन पोचतो. तेव्हा थोडा धीर धरा.

माझा भाचा पुण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्याच्या आईला आजवर कळलेलं नाही. मी मात्र त्याला वर्गातल्यासारखं उभं करून विचारलं, की बाबा रे, तुमच्या कामात सगळ्यात भीती कशाची? तो म्हणाला, "मावशी, जे बिघडल्यावर बोंब होते त्याची भीती नाही. वेबसाइट बंद पडली की पाच मिनिटांत फोन येतो. भीती असते ती रात्री आपोआप व्हायच्या कामांची. ती झाली नाहीत तरी कुणी सांगायला येत नाही. सकाळी सगळं कसं छान चाललेलं दिसतं."

ही कामं ठरल्या वेळी सुरू करणाऱ्याचं नाव 'क्रॉन'. ग्रीक भाषेत क्रोनोस म्हणजे काळ, त्यावरून. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९६९ पासून युनिक्स नावाची प्रणाली घडत गेली. तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत हा क्रॉन होता. पुढे १९८७ मध्ये पॉल विक्सी यांनी त्याची सुधारून नवी आवृत्ती लिहिली आणि तिचाच वंशविस्तार आज पुष्कळ सर्व्हरवर आहे. शाळेतला घंटा देणारा शिपाई समजा. त्याच्यासमोर एक कागद, कागदावर ओळी, आणि प्रत्येक ओळीत आधी पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यापुढे करायचं काम. शिपाई दर मिनिटाला कागद बघतो, वेळ जुळली की काम सुरू करून देतो आणि पुन्हा कागदाकडे वळतो. काम नीट पार पडलं का, हे बघणं त्याच्याकडे नाही. कामातून काही मजकूर बाहेर पडला तर तो मालकाला मेलने पाठवतो, एवढंच.

पाच खाने ऐकून मला हसूच आलं. आपल्या पंचांगाचीही पाचच अंगं: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. भाच्याला म्हटलं, तुमच्यात आणि आमच्यात वार तेवढा सामाईक दिसतो. त्यावर त्याने त्या कागदाची एक खोड सांगितली. तारीख आणि वार असे दोन्ही खाने भरले, तर क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही. दोहोंपैकी एक जुळलं तरी कामाला लागतो. म्हणजे आपली अंगारकी त्याच्या कागदावर लिहिली, तर तो प्रत्येक चतुर्थीला उपास धरील आणि वर प्रत्येक मंगळवारीही!

पण हा झाला बोलका घोटाळा. दोन उपास जास्त घडले की माणूस विचारतोच. मुके घोटाळे निराळे. हाताने चालवून पाहिलेलं काम उत्तम होतं, पण क्रॉनला त्यातलं एखादं अवजार कुठल्या कपाटात आहे ते सांगितलेलं नसतं, म्हणून रात्री तेच काम पहिल्याच पायरीवर थांबतं. किंवा सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर असतं आणि मध्यरात्रीचं काम आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतं. काम मुळात चुकीचं नसतं. त्याच्या भोवतीचं एखादं सेटिंग चुकलेलं असतं.

याचं गाजलेलं उदाहरण ३१ जानेवारी २०१७ चं. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम सांभाळून ठेवणारी कंपनी. त्या रात्री एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच माहिती पुसायला घेतली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरली होती. बॅकअप आहेच, म्हणून बघायला गेले तर ती जागा रिकामी. रोजच्या रोज नक्कल काढायचं काम कागदावर होतं, वेळेवर सुरूही होत होतं. पण माहितीचा साठा ९.६ या आवृत्तीचा आणि नक्कल काढणारं अवजार ९.२ चं, कारण कुठली आवृत्ती वापरायची हे ज्या फायलीवरून कळायचं ती त्या यंत्रावर नव्हती. अवजार दर वेळी नकार देऊन थांबत होतं. त्या नकाराचे मेलही जात होते, पण मेलवर हवी ती सही-शिक्क्याची खूण नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते परत फिरवत होता. म्हणजे बिघाडाची बातमी देणारी व्यवस्थाच बिघडलेली. नशीब की सुमारे सहा तास आधी एक नक्कल हाताने घेतलेली होती, दुसऱ्याच कारणासाठी. तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांतलं काम मात्र गेलं: पाचेक हजार प्रकल्पांतले बदल, तितकेच शेरे, ७०० नवी खाती. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःच जगजाहीर केली, याचं मला कौतुक वाटतं.

भाच्याला वाटत होतं हा त्यांच्या पिढीचा रोग आहे. मी इतिहास-भूगोल शिकवलेली बाई, मला हे पटेना. ठरल्या वेळी आपोआप व्हायची कामं माणूस कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून लावून देत आला आहे. त्यातलं सगळ्यात जुनं काम म्हणजे कालगणना.

ज्युलियस सीझरने रोमचं कॅलेंडर सुधारलं आणि इसवी सनपूर्व ४५ पासून दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा नियम घातला. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. नियम चालवायचं काम पुरोहितांकडे होतं आणि रोमन लोकांची मोजायची रीत अशी, की सुरुवातीचाही दिवस धरायचा. (आपण नाही का "आठ दिवसांनी ये" म्हणतो आणि पुढच्या त्याच वाराची वाट बघतो? तसंच.) त्यामुळे "दर चौथ्या वर्षी" याचा अर्थ त्यांनी दर तीन वर्षांनी असा लावला. ३६ वर्षांत ९ दिवस वाढवायचे, तर वाढवले १२. सम्राट ऑगस्टसच्या काळात हे ध्यानात आलं आणि पुढची तीन लीप वर्षं गाळून हिशेब जुळवला गेला. ३६ वर्षं एवढं मोठं साम्राज्य चुकीच्या तारखेला न्यायदान करत होतं, सण करत होतं आणि कुणाचं काही अडलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपली चूक ३६ वर्षांची नाही, चौदा-पंधराशे वर्षांची आहे.

सहावीच्या वर्गात ऋतू शिकवताना हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी यायचाच: "बाई, पुस्तकात २२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस दिला आहे, त्यानंतर सूर्य उत्तरेला वळतो. मग आजी म्हणते संक्रांतीला उत्तरायण लागतं, ते कसं?" हुशार मुलांचा प्रश्न. मी त्याचं उत्तर फळ्यावर न देता मैदानात देत असे. आपलं नागपूर साधारण २१ अक्षांशावर. इथे २२ डिसेंबरला भर माध्यान्ही सूर्य जवळजवळ ४५ अंशांवर असतो, म्हणजे उभ्या काठीची सावली काठीएवढीच पडते. मीटरभर काठी, ९९ सेंटिमीटर सावली. (माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. हिवाळ्यात इथे सूर्य बारा वाजून दहा-वीस मिनिटांनी माथ्याच्या रेषेत येतो. सगळ्यात आखूड सावली पकडायची.) तीच काठी १४ जानेवारीला लावली की सावली भरते ९२ सेंटिमीटरच्या आसपास. सात सेंटिमीटर कमी! म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळून निघाला आहे आणि तिळगूळ आपण आज वाटतो आहोत.

हे झालं कसं? दीड हजार वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होत होत्या. सूर्याचा मकर राशीत प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाने धरलेलं वर्ष आणि ऋतूंचं वर्ष यांत थोडं अंतर पडतं. याला आपल्याकडे अयनचलन म्हणतात. ऋतूंचं वर्ष ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं ४५ सेकंदांचं. सूर्यसिद्धान्तात वर्ष धरलं आहे ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटं ३६ सेकंदांचं. फरक चोवीस मिनिटांहूनही किंचित कमी. वर्षाला चोवीस मिनिटं म्हणजे साठ वर्षांत एक दिवस. प्रभव संवत्सरापासून क्षय संवत्सरापर्यंत एक फेरा झाला की संक्रांत एक दिवस पुढे. माणसाच्या साठीशांतीला एक दिवस, कोण मोजणार? पण चौदाशे वर्षांत ते २३ दिवस होतात.

निरयनवाले इथे मला थांबवतील, की ताऱ्यांवरून वर्ष मोजणं ही चूक नव्हे, ती एक पद्धत आहे. मान्य. तारे धरून मोजा, खुशाल मोजा. (त्या मोजणीतही सूर्यसिद्धान्ताचं वर्ष साडेतीन मिनिटांनी मोठंच आहे, ते असो.) पण मग त्या दिवसाला उत्तरायण म्हणू नका. ज्या दिवशी दान द्यायचं ते सूर्य वळला म्हणून, आणि सूर्य तर केव्हाच वळलेला, हा घोटाळा पद्धतीचा नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत स्पष्ट नोंदवलं आहे, की जुन्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर सांगितलं आहे, पण आता ते कर्काच्या आरंभी होतं. जुनं सांगणं आणि आजचं दिसणं जुळत नसेल तर काय करायचं, तेही त्याने सांगितलं. दूरच्या खुणेवरून सूर्य कुठे उगवतो ते बघा, किंवा जमिनीवर वर्तुळ काढून काठीची सावली आत कशी शिरते, बाहेर कशी पडते ते तपासा. म्हणजे सहावीच्या पोरांकडून मी जे करून घेत होते तेच! भाच्याच्या भाषेत सांगायचं तर तपासणीची व्यवस्था त्याने त्याच पानावर लिहून ठेवली होती.

मग ती बंद कुठे पडली? माझ्या मते ती बंद पडली आपल्या हुशारीमुळे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ हे असामान्य गणिती. शके १४४२ म्हणजे १५२० साली त्यांनी 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या गणिताला ज्या-कोज्या लागत, ते त्यांनी साध्या गुणाकार-भागाकारावर आणलं. मोठाले दिवसगण टाळण्यासाठी ४,०१६ दिवसांचं, म्हणजे साधारण अकरा वर्षांचं एक चक्र बसवलं. पुढे 'तिथिचिंतामणी'त तर कोष्टकंच दिली. वाचायची, बेरीज करायची, तिथी तयार. हा अगदी प्रोग्रामच म्हणायचा. गावोगावच्या जोशांना पंचांग करणं सोपं झालं आणि चारशे वर्षं महाराष्ट्राची पंचांगं त्यावर चालली. गणेश दैवज्ञ स्वतः आकाश बघणारे होते, त्यांचे वडील केशव दैवज्ञही तसेच. पण त्यांच्या ग्रंथामुळे पुढच्या जोशाला आकाश बघायची गरजच उरली नाही.

आणि यातली खरी गंमत (की दुःख?) पुढे आहे. अयनचलनाचं गणित ग्रहलाघवात दिलेलं आहे! शकाच्या आकड्यातून ४४४ वजा करा, साठाने भागा, आले अयनांश. १५२० साली ते सोळा अंशांच्या वर गेलेले होते. हे अयनांश सावलीसाठी, दिनमानासाठी, लग्नासाठी वापरायचे. मात्र संक्रांत काढताना वापरायचे नाहीत. दुरुस्तीचा आकडा त्याच पोथीत, दोन पानं पलीकडे, पण त्या कामाला जोडलेलाच नाही. गिटलॅबच्या त्या दोन आवृत्त्यांची गोष्ट ऐकताना मला हेच आठवत होतं.

मग चारशे वर्षांत कुणालाच कसं कळलं नाही? कारण पंचांगातली काही कामं ओरडतात आणि काही मुकी असतात. ग्रहण ओरडतं. सकाळी ग्रहण लागेल म्हणून सांगितलं, गाव नदीवर जमलं आणि सूर्य तसाच चकचकीत राहिला, तर जोशाची अब्रू गेली. म्हणून चंद्र-सूर्याच्या गणितात बीजसंस्कार म्हणून दुरुस्त्या वेळोवेळी होत राहिल्या. संक्रांतीला आकाशात काहीच घडत नाही. पंचांगात लिहिलं आज, तर आज.

आपल्या विदर्भातलं मृग नक्षत्र घ्या. हल्ली सूर्य ७-८ जूनला मृगात जातो. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, हा आपला ठोकताळा. पण मृगही संक्रांतीसारखाच घसरतो आहे. पानिपतच्या काळी तो ३-४ जूनला लागत असणार आणि वराहमिहिराच्या काळी मेच्या मध्यावर. पाऊस मात्र ताऱ्यांकडे बघत नाही, तो ऋतूंच्या सूर्याबरोबर येतो. तरी शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही, कारण पाऊस स्वतःच एखाद्या वर्षी आठ दिवस आधी येतो, एखाद्या वर्षी दहा दिवस दडी मारतो. एका पिढीत अर्धा दिवस सरकलेला मृग त्या हेलकाव्यात कुठे दिसणार? चूक लहान आणि हेलकावा मोठा असला की कितीही शतकं निघून जातात.

पानिपताचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. (मी राहते त्या वस्तीचं नाव जरीपटका, म्हणजे मराठ्यांचं सोनेरी जरीचं निशाण. शेजार मात्र बराचसा फाळणीनंतर इथे वसलेल्या सिंधी कुटुंबांचा. आमची गुढी उतरते आणि बहुतेकदा दुसऱ्या दिवशी त्यांचा चेटीचंड येतो.) पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून "ऐन संक्रांतीला संक्रांत कोसळली" असं आपण सर्रास ऐकतो. पण घसरणीचा हिशेब मांडला तर त्या साली मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. लढाईच्या दिवशी ती होऊन चार दिवस झाले होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मात्र खरोखर संक्रांतीचा होता. म्हणजे १७६१ ला १०, १८६३ ला १२, आमच्या लहानपणी १४, आणि आता दर दोन-तीन वर्षांनी कॅलेंडरवर १५ बघून आपल्याला नवल वाटतं. एवढी उघड नोंद डोळ्यांसमोर असताना संक्रांत "नेहमी १४ जानेवारीलाच" असं मुलांना शिकवलं जातं.

घसरण पकडायचं काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं आणि त्यात मराठी माणसं पुढे होती. बापूदेव शास्त्री मूळ पुण्याचे, पण त्यांचं शिक्षण आपल्या नागपुरात झालं. इथेच त्यांनी भास्कराचार्यांचं गणित अभ्यासलं. लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची हुशारी हेरून त्यांना सिहोरला नेलं, पुढे ते काशीच्या संस्कृत कॉलेजात गेले. इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे त्यांनी काशीत पंचांग काढलं. इकडे पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने १८६५ पासून नव्या वेधांवर बसवलेलं पंचांग सुरू केलं, तेच पटवर्धनी पंचांग. केरोपंतांचे शिष्य लोकमान्य टिळक. टिळकांनी तर या घसरणीचं घड्याळच केलं. वेदांत वसंतसंपात कुठल्या नक्षत्रात सांगितला आहे ते बघायचं, तिथून आजपर्यंत तो किती सरकला ते मोजायचं, आणि वेदांचा काळ ठरवायचा. १८९३ चा त्यांचा 'ओरायन' हा ग्रंथ असा उभा आहे. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांनी मानला नाही, पण युक्ती केवढी सुंदर!

मला यातला सगळ्यात जवळचा माणूस वाटतो तो शंकर बाळकृष्ण दीक्षित. कारण सरळ आहे, ते शाळामास्तर होते. दापोलीजवळच्या मुरुडचे. नोकरीच्या धबडग्यातून वेळ काढून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं, ते १८९६ साली छापलं गेलं आणि दोनच वर्षांत, पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी १८८० च्या दशकात सायन पंचांग काढलं. सायन म्हणजे ऋतूंशी बांधलेलं. त्यात संक्रांत डिसेंबरातच यायची. त्या पंचांगाला गिऱ्हाईक मिळालं नाही. का मिळालं नाही ते समजायला फार अक्कल लागत नाही. अख्खं गाव जानेवारीत हळदीकुंकू करणार आणि तुम्ही एकट्याच डिसेंबरात सुगडं मांडून बसणार? बरोबर असूनही एकटं पडण्यापेक्षा चुकीच्या दिवशी चारचौघांबरोबर सण करणं माणसाला बरं वाटतं. मलाही वाटतं.

बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी अधिक चालणारा मार्ग काढला. वर्ष ताऱ्यांचंच ठेवायचं, पण मोजमाप अचूक घ्यायचं. त्यांच्या गणितावर पुढची पुष्कळ मराठी पंचांगं उभी राहिली. त्यामुळे घसरणीचा वेग साठ वर्षांवरून सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस इतका कमी झाला. थांबली मात्र नाही. शिवाय आरंभ कुठल्या ताऱ्यापासून धरायचा, रेवतीपासून की चित्रेपासून, यावर वाद लागला. टिळक पंचांग रेवतीवाल्यांचं. दोहोंत चारेक अंशांचा फरक, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो आणि काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. कोकणातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या माहेरी आणि सासरी असं होतं. ती म्हणते, "दोन्हीकडचे मोदक मिळतात, माझं काय जातं?"

शेवटी देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने यात हात घातला. १९५२ साली डॉ. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली. देशात तेव्हा तीसेक पंचांगपद्धती नांदत होत्या. समितीत पुण्याचे ज. स. करंदीकर होते, केसरीचे माजी संपादक. आणि आपल्या नागपूरचे विद्वद्रत्न डॉ. केशव लक्ष्मण दप्तरी होते. दप्तरी म्हणजे भाऊजी. वकिलीची पदवी घेतलेले, होमिओपॅथीचे जाणकार, धर्मशास्त्राचे चिकित्सक आणि 'करणकल्पलता' लिहिणारे ज्योतिर्गणिती. नागपुरात आज त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. आमच्या वर्गांत तरी कधी कुठल्या पुस्तकात धडा आला नाही.

१९५५ च्या अहवालात समितीने जो निर्णय दिला तो मला फार विचार करायला लावतो. व्यवहाराच्या कॅलेंडरात चूक पुरती काढून टाकली: वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला १ चैत्र, लीप वर्षी २१ मार्चला. पण सणावारांसाठी त्यांनी २३ दिवस मागे यायचं धाडस केलं नाही. अयनांश २३ अंश १५ कला इथे कायमचे गोठवा, म्हणजे झालेली घसरण राहू दे, निदान यापुढे घसरू नये, असं सुचवलं. पोप ग्रेगरीने १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला होता. इंग्लंडने, आणि त्याबरोबर आपल्याकडच्या कंपनी सरकारने, १७५२ मध्ये ११ दिवस गाळले. आपल्या समितीला तो मार्ग दिसत नव्हता असं नाही. पण कोट्यवधी घरांतली दिवाळी हलवायची कुणाच्या हुकमाने? पोपसारखा अधिकार आपल्याकडे एका हाती कुणाकडे नाही, आणि नाही तेच बरं. चूक एवढी जुनी झाली की तीच रूढी होते. मग ती दुरुस्त करणारा माणूसच चुकीचा ठरतो. साहांनी त्यातल्या त्यात जे शक्य होतं ते केलं, असं मला वाटतं.

२२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ ला, हे राष्ट्रीय कॅलेंडर लागू झालं. ते बघायला साहा नव्हते आणि दप्तरीही नव्हते. दोघंही १९५६ सालीच गेले. राजपत्रावर ती तारीख छापली जाते. राष्ट्रीय पंचांग कोलकात्याहून मराठीतही निघतं. पण आपल्या घरात भिंतीवर जे टांगलेलं असतं त्यात अयनांश गोठलेले नाहीत, ते सरकतातच आहेत. म्हणजे दुरुस्ती मंजूर झाली, छापली गेली, आणि चालू कामाला जोडलीच गेली नाही. पुन्हा तेच, ग्रहलाघवासारखं.

२१०० साल लीप नाही, त्यामुळे तिथे आणखी एक दिवस पुढे ढकलला जाईल आणि बाविसाव्या शतकात संक्रांत बहुतेक वेळा १६ जानेवारीला येऊ लागेल. तेव्हाच्या बाई मुलांना "संक्रांत नेहमी १५ तारखेलाच असते" असं सांगत असतील बहुधा. तुमच्यापैकी कुणाच्या गच्चीवर २२ डिसेंबरला ऊन येत असेल तर मीटरभर काठी उभी करून सावली मोजा, आणि संक्रांतीला पुन्हा मोजा. पुण्या-मुंबईकडे अक्षांश कमी, त्यामुळे सावली माझ्यापेक्षा आखूड भरेल. आकडे मला कळवा. मी वहीत लिहून ठेवते आहे.